वापरलेली मोटार : मौनाची किंमत

मध्यमवर्गीय कुटुंबात घरानंतरची सर्वात मोठी खरेदी बहुधा मोटारीचीच असते. नव्या गाडीची किंमत आवाक्याबाहेर वाटू लागली, की पावले साहजिकच वापरलेल्या गाड्यांच्या बाजाराकडे वळतात. हा निर्णय मुळीच गैर नाही. नव्या गाडीचे मूल्य पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक वेगाने घटते आणि तो भार पहिल्या मालकाने सोसलेला असतो. नीट निवडलेली जुनी गाडी अनेक वर्षे निष्ठेने सेवा देते. फरक एवढाच, की नव्या गाडीसोबत हमीचा कागद येतो आणि जुन्या गाडीसोबत तिचा इतिहास येतो. हा इतिहास बहुतेक वेळा तोंडी असतो आणि अनेकदा अर्धवटच सांगितला जातो.

समजा, बदलीमुळे बडोद्याहून बंगळुरूस आलेल्या एका नोकरदार कुटुंबाने सहा वर्षे वापरलेली मोटार चार लाख रुपयांना घेतली. एक लाख रुपये बचतीतून घातले, तीन लाखांचे कर्ज काढले. व्याजाचा दर बारा टक्के आणि मुदत चार वर्षे धरली, तर मासिक हप्ता सुमारे ७,९०० रुपये होतो. तिसऱ्या आठवड्यात गाडी चढावर तापू लागली. गॅरेजमधील फिटरने बॉनेट उघडून पाहिले आणि सांगितले, की इंजिनाचे हेड पूर्वी एकदा उघडले गेले आहे आणि गाडीचा पुढचा भाग कधीतरी जोरात आदळलेला आहे. विक्रेत्याला जाब विचारला असता उत्तर मिळाले, "तुम्ही विचारलेच कुठे?"

गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली, तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणूनच विक्रेत्याचे हे उत्तर कायद्याच्या कसोटीवर कितपत टिकते आणि ते ऐकण्याची वेळच येऊ नये म्हणून काय करावे, हे प्रत्येक खरेदीदाराने समजून घेणे हिताचे आहे.

एकीकडे माहिती, दुसरीकडे अंदाज

वापरलेल्या मोटारींच्या बाजाराने अर्थशास्त्राला एक मूलभूत सिद्धान्त दिला आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या 'द मार्केट फॉर लेमन्स' या निबंधात हीच बाजारपेठ उदाहरणादाखल घेतली होती. सदोष निघालेल्या गाडीला अमेरिकेत बोलीभाषेत 'लेमन' म्हणतात. अ‍ॅकरलॉफ यांचा युक्तिवाद सोपा आहे. चांगल्या गाडीची खरी किंमत चार लाख आणि सदोष गाडीची दोन लाख आहे, असे मानू. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. फरक केवळ विक्रेत्याला ठाऊक असतो. अशा वेळी खरेदीदार सरासरी काढून तीन लाखांची तयारी दाखवतो. चांगल्या गाडीच्या मालकाला ही किंमत परवडत नाही आणि तो बाजारातून बाहेर पडतो. सदोष गाडीचा मालक मात्र आनंदाने पुढे येतो. परिणामी प्रामाणिक विक्रेत्याचेही नुकसान होते आणि बाजारात वाईट मालाचे प्रमाण वाढत जाते.

याच निबंधात अ‍ॅकरलॉफ यांनी भारतातील पतपुरवठ्याचाही दाखला दिला होता. ऋणकोची पत ज्याला जवळून ठाऊक असते, तोच सावकार निर्धास्तपणे कर्ज देऊ शकतो, हे त्यांचे निरीक्षण बँक व्यवसायाशी संबंधित वाचकांना परिचित वाटेल. मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह त्यांना २००१ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माहितीच्या या विषमतेवर हमी, नाममुद्रेची प्रतिष्ठा आणि प्रमाणीकरण हे उपाय आहेत, असेही त्यांनी सुचवले. कर्जदाराची कागदपत्रे बँक ज्या काटेकोरपणे तपासते, त्याच काटेकोरपणे खरेदीदाराने गाडीची तपासणी करावी, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

कायद्यातील घोडा आणि रस्त्यावरील मोटार

"तुम्ही विचारलेच कुठे?" या प्रश्नाचे उत्तर भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये सापडते. त्या काळी मोटारी नव्हत्या; म्हणून कलम १७ मधील उदाहरणांत घोडा आहे. एखाद्याने आपला घोडा सदोष असल्याचे माहीत असूनही लिलावात तो विकला आणि दोषाबद्दल काहीच सांगितले नाही, तर ती लबाडी ठरत नाही. घेणारी व्यक्ती विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र नात्यामुळेच खरे सांगण्याचे कर्तव्य त्याच्यावर येते. तिसरे उदाहरण सर्वाधिक उपयोगाचे आहे. घेणारा विक्रेत्याला म्हणतो, की तुम्ही नाकारले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन. विक्रेता गप्प राहतो. अशा वेळी त्याचे मौन हे बोलण्यासारखेच मानले जाते.

घोड्याच्या जागी मोटार ठेवली, की व्यवहाराचे सूत्र स्पष्ट होते. न विचारलेल्या दोषाबद्दलचे मौन कायद्याने दरवेळी लबाडी ठरत नाही. पण नेमका प्रश्न विचारल्यानंतर दिलेले खोटे उत्तर, किंवा उत्तर अपेक्षित असताना पाळलेले मौन, विक्रेत्याच्या अंगाशी येऊ शकते. शिवाय ठाऊक असलेली गोष्ट हेतुपुरस्सर झाकणे हा वेगळाच प्रकार आहे. किलोमीटरचा मीटर मागे फिरवणे, वाकलेला पत्रा पुट्टी भरून रंगवणे, धोक्याची सूचना देणारा दिवा काढून टाकणे, या कृती मौनाच्या पलीकडे जातात. कलम १७ अन्वये असे लपवणे लबाडीतच मोडते.

मात्र हाच कायदा खरेदीदाराकडूनही काही अपेक्षा करतो. कलम १९ च्या अपवादानुसार, चुकीच्या विधानामुळे किंवा लबाडीच्या मौनामुळे संमती दिली गेली असली, तरी साधारण दक्षता घेऊन खरे समजून घेण्याचे साधन खरेदीदाराच्या हाती असेल, तर त्याला करार रद्द करून मागता येत नाही. वस्तुविक्री अधिनियम, १९३० मधील कलम १६ चा रोखही तोच आहे. त्या प्रकारच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेली वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असावी, अशी अट कायदा गृहीत धरतो. परंतु खरेदीदाराने वस्तू तपासली असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवे होते अशा दोषांना हे संरक्षण लागू होत नाही. थोडक्यात, प्रश्न लेखी विचारावेत आणि तपासणी जाणकाराकडून करवून घ्यावी. या दोन सवयींमुळे फसवणूक टळते आणि ती झालीच, तर दाद मागण्याचा मार्गही खुला राहतो.

विक्रेत्याला पुढील प्रश्न पत्राने किंवा मोबाइलवरील संदेशाने विचारावेत आणि उत्तरे जपून ठेवावीत :

(१) गाडीचा अपघात झाला आहे काय? कोणते भाग बदलले वा दुरुस्त केले?
(२) गाडीत कधी पुराचे वा पावसाचे पाणी शिरले होते काय?
(३) मीटरवरील किलोमीटर खरे आहेत काय? मीटर कधी बदलला आहे काय?
(४) इंजिन, गिअरबॉक्स वा क्लच उघडून काम झाले आहे काय?
(५) विम्याचे दावे कधी व कशासाठी घेतले?
(६) गाडीवर कर्ज, दंडाची थकबाकी, पोलीस वा न्यायालयीन प्रकरण आहे काय?
(७) गाडी कधी भाड्याने वा टॅक्सी म्हणून वापरली गेली आहे काय?

प्रामाणिक विक्रेत्याला या प्रश्नांचा त्रास होत नाही. टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच समजावे.

लपवलेल्या इतिहासाच्या खुणा

गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात, म्हणजे आरसीत, अपघाताचा रकाना नसतो. मोठी दुर्घटना झालेली गाडीही दुरुस्तीनंतर त्याच क्रमांकाने रस्त्यावर येऊ शकते. प्रमाणित विमा पॉलिसीनुसार दुरुस्तीचा एकूण खर्च विमा-घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, की ती गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. अशी गाडी भंगार म्हणून विकली जाते आणि पुढे कोणीतरी ती उभी करून पुन्हा बाजारात आणण्याचा संभव असतो. त्यामुळे पत्रा आणि सांधे यांनाच बोलते करावे लागते.

दरवाजे, बॉनेट आणि डिकी यांच्या कडांमधील फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का, ते पाहावे. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरील रंग उडालेला असेल, तर बॉनेट कधीतरी काढलेले आहे. डिकीतील स्टेपनी उचलून खालचा पत्रा पाहावा. तेथे सुरकुत्या वा नव्या वेल्डिंगचे डाग असतील, तर गाडीला मागून धडक बसलेली असू शकते. लहानसे चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जाड पुट्टीखाली ते चिकटत नाही. प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र या युक्तीचा उपयोग नाही. काचांवर निर्मितीच्या वर्षाची खूण असते. सर्व काचा एका काळातील आणि एकच काच नंतरची असेल, तर तिचे कारण विचारावे. टायरवरील चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दर्शवतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी हा याहून फसवा प्रकार. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. २०१५ साली चेन्नई, २०१८ साली केरळ, २०१९ साली सांगली-कोल्हापूर आणि २०२० साली हैदराबाद येथेही महापुराने थैमान घातले. पाण्यातून निघालेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकता येते, म्हणून हा धोका केवळ पूरग्रस्त भागापुरता मर्यादित नाही. धुतलेल्या गाडीचा रंग चकाकतो. पण वायरिंगच्या सांध्यांत आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांत शिरलेला ओलावा अनेक महिन्यांनी गंज बनून प्रकट होतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या भागावर मातकट रेषा राहिलेली असू शकते. गालिच्याखाली गाळ, सीटच्या रुळांवर गंज, हेडलाइटच्या आत साचलेली वाफ आणि सुगंधी द्रव्याआडून येणारा कुबट वास, या त्याच्या इतर खुणा. पाणी सिलिंडरमध्ये असताना इंजिन सुरू केले गेले असेल, तर पाणी दाबले जात नसल्याने पिस्टनचे कनेक्टिंग रॉड वाकतात. हा दोष काही काळ लपून राहतो आणि नंतर संपूर्ण इंजिनाचा खर्च काढतो.

मीटरवरील आकडा हा केवळ दावा समजावा. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे पेडलवरील रबर गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगचे आवरण झिजलेले आणि चालकाची सीट खचलेली नसते. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक जॉब कार्डावर किलोमीटर नोंदलेले असतात. मालकाच्या संमतीने ती नोंद मागवून तारखेनुसार आकडे चढत्या क्रमाने आहेत ना, एवढे पाहिले तरी बराच उलगडा होतो.

यंत्राची भाषा

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. पोहोचण्यापूर्वीच इंजिन गरम करून ठेवले असेल, तर सुरू होतानाचा दोष झाकला जातो. म्हणून आधी बॉनेटवर हात ठेवून पाहावा. सुरू झाल्यानंतर सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला, तर इंजिन ऑइल जळत आहे. काळा धूर इंधन पूर्ण जळत नसल्याचे सांगतो. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ दिसणे स्वाभाविक आहे. मात्र इंजिन तापल्यानंतरही दाट पांढरा धूर येत असेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये जात असण्याची शक्यता असते. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतील बाजूस दुधाळ चिकटा आढळणे हीदेखील हेड गॅस्केट गेल्याची सूचना असू शकते. बंगळुरूच्या त्या कुटुंबाने हे झाकण उघडून पाहिले असते, तर कदाचित तेथेच व्यवहार थांबला असता.

चावी फिरवताच सूचना देणारे सर्व दिवे क्षणभर लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. एअरबॅगचा वा इंजिनाचा दिवा लागलाच नाही, तर दिवाच निकामी करून ठेवला असण्याचा संशय घ्यावा. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या मोटारींत दोष नोंदवणारी दुसऱ्या टप्प्याची अंतर्गत निदानप्रणाली आहे. गॅरेजमधील स्कॅनर जोडून तिच्यातील नोंदी वाचता येतात. नोंदी नुकत्याच पुसलेल्या असतील, तर काही चाचण्या अपूर्ण असल्याचे तोच स्कॅनर दाखवतो. जाणकार मेकॅनिक त्यावरून बरेच ओळखतो.

त्यानंतर किमान अर्धा तास गाडी चालवून पाहावी. त्यात चढ, खडबडीत रस्ता आणि वर्दळ यांचा समावेश असावा. इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच झिजलेला आहे. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढत असेल, तर ब्रेक वा चाकांच्या जोडणीत दोष आहे. टायर केवळ आतल्या कडेने झिजले असतील, तर व्हील अलाइनमेंट बिघडलेले आहे किंवा सस्पेन्शनला मार बसलेला आहे. सीएनजीवर चालणारी गाडी असल्यास किटची नोंद आरसीत आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी करावयाची दाबचाचणी झाली आहे का, हे आवर्जून पाहावे. ही तपासणी विक्रेत्याने सुचवलेल्या गॅरेजऐवजी आपल्या विश्वासातील मेकॅनिककडून करावी आणि निष्कर्ष सहीनिशी लिहून घ्यावेत. त्यासाठी दिलेले शुल्क हा खरेदीच्या खर्चाचाच एक भाग मानावा.

कागदपत्रांची साखळी

यंत्र निर्दोष असले आणि कागद सदोष असले, तरी गाडी डोकेदुखीच ठरते. चासी आणि इंजिन यांचे क्रमांक स्वतः पाहून आरसीशी ताडावेत. अंक खोडलेले वा पुन्हा ठोकलेले दिसले, तर व्यवहार तेथेच सोडावा. नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि बोजाची नोंद शासनाच्या 'वाहन' प्रणालीवर पाहता येते; दंडाची थकबाकीही ऑनलाइन कळते. खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल व पेट्रोल गाड्यांवर २०१५ व २०१८ सालच्या आदेशांनी निर्बंध आले. त्यांच्या अंमलबजावणीत पुढे बदलही झाले. परंतु त्या काळापासून तेथील अनेक गाड्या अन्य राज्यांत विक्रीस आल्या. परराज्यातील स्वस्त गाडी घेताना तिचे वय, रस्ताकर आणि ना-हरकत प्रमाणपत्राचा खर्च हिशेबात धरावा. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. वारंवार बदल्या होणाऱ्या नोकरदारांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

गाडीवर आधीच्या मालकाचे कर्ज असेल, तर आरसीवर बँकेच्या बोजाची नोंद असते. कर्ज फिटले म्हणजे ही नोंद आपोआप पुसली जाते, असा एक गैरसमज आढळतो. त्यासाठी बँकेचे ना-हरकत पत्र आणि बँकेची सही असलेला फॉर्म ३५ आरटीओत दाखल करावा लागतो. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत करावीत व नोंदलेला बोजा उतरवावा, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी दिला. तो १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला असून बँकेमुळे विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाईची तरतूद त्यात आहे. बोजा शिल्लक असताना विक्रेत्याच्या हाती पूर्ण रक्कम देणे धोक्याचे. कर्जाची बाकी थेट संबंधित बँकेत भरावी आणि उरलेली रक्कम विक्रेत्याला धनादेशाने वा बँक हस्तांतरणाने द्यावी. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे. आणि बँकेतून झालेला व्यवहार हाच पुढे सर्वात भक्कम पुरावा ठरतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार, गाडी त्याच राज्यात नोंदलेली असल्यास विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत मालकीबदल आरटीओला कळवायचा असतो. फॉर्म २९ व ३० त्यासाठीच आहेत. 'नंतर करू' म्हणून सह्या केलेले कोरे फॉर्म हाती देणे दोघांनाही महागात पडू शकते. नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. म्हणजे गाडी विकून वर्ष लोटले, तरी अपघाताच्या भरपाईचा दावा जुन्या मालकाच्या दारी येऊ शकतो. विम्याचेही तसेच आहे. त्रयस्थ पक्षाचा विमा नव्या मालकाकडे गेल्याचे कायदा मानतो. मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी लागते. त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. 'नो क्लेम बोनस' गाडीबरोबर नव्या मालकाला मिळत नाही, तो जुन्या मालकाकडेच राहतो.

व्यापाऱ्याकडून गाडी घेताना त्याच्याकडे अधिकृत प्रमाणपत्र आहे का, ते विचारावे. डिसेंबर २०२२ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्यास असे प्रमाणपत्र मिळते. गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना आरटीओला दिली गेल्यानंतर तिची जबाबदारी त्याच्यावर येते.

दोष नंतर उघडकीस आला तर

एवढी काळजी घेऊनही दोष निघू शकतो. अशा वेळी संताप आवरून क्रमाने पावले टाकावीत.

प्रथम, गाडी वापरणे थांबवावे आणि घाईने दुरुस्ती करू नये. सुटे भाग बदलले, की पुरावाही भंगारात जातो. छायाचित्रे काढावीत आणि जाणकार गॅरेजकडून दोष कोणता, तो केव्हापासूनचा असावा, दुरुस्तीस किती खर्च येईल, याचा लेखी अहवाल घ्यावा.

दुसरे, दोष आणि दडवणूक यांतील फरक ओळखावा. सहा वर्षांच्या गाडीचा क्लच वा बॅटरी जाणे ही स्वाभाविक झीज आहे. तिचा दोष विक्रेत्याच्या माथी मारता येत नाही. बदललेला मीटर, झाकलेला अपघात वा खोटे लेखी उत्तर ही दडवणूक आहे. तक्रार या दुसऱ्या प्रकारावर उभी राहते.

तिसरे, विलंब न करता विक्रेत्याला स्पीड पोस्टने लेखी कळवावे. मागणी नेमकी असावी : गाडी परत घेऊन रक्कम परत करावी, किंवा दुरुस्तीचा खर्च द्यावा. लबाडी सिद्ध झाल्यास करार रद्द करण्याचा पर्याय खरेदीदारास असतो. मात्र दोष कळूनही तो महिनोन्‌महिने गाडी वापरत राहिला, तर त्याने ती स्वीकारली असा अर्थ निघू शकतो. ठरावीक दिवसांत गाडी परत करण्याची सवलत विक्रेत्याने लेखी दिली असेल, तर तिची मुदत प्रथम पाहावी.

चौथे, दाद कोठे मागायची, हे विक्रेता कोण आहे यावर अवलंबून असते. व्यापारी वा कंपनी असल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा आधार मिळतो. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. ती खरेदीदाराच्या राहत्या वा नोकरीच्या ठिकाणीही दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. गाडी व्यापारी नफ्यासाठी घेतली असल्यास मात्र हा मार्ग सहसा मिळत नाही. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तडजोडीचा प्रयत्न करून पाहावा. विक्रेता खाजगी व्यक्ती असेल, तर करार अधिनियमाच्या आधारे दिवाणी न्यायालयाकडे जावे लागते. गाडी चोरीची निघाली, क्रमांक बदललेले आढळले किंवा बनावट कागद दिले गेले, तर प्रकरण फौजदारी होते आणि पोलिसांकडे फिर्याद देणे आवश्यक ठरते.

आणि शेवटचे, कर्जाचा हप्ता थांबवू नये. विक्रेत्याशी असलेला वाद आणि बँकेशी असलेला करार या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. रागाच्या भरात हप्ते चुकवल्यास पत-इतिहासावर डाग पडतो आणि तो पुढील गृहकर्जापर्यंत पाठ सोडत नाही. अडचण खरी असेल, तर शाखेत जाऊन ती वेळीच सांगावी.

विकणाऱ्याचेही हित

आज खरेदी करणारा उद्या विक्रेता होणारच असतो. ज्याने सर्व्हिसच्या पावत्या, जॉब कार्डे आणि विम्याचे कागद एका फाइलमध्ये जपून ठेवले आहेत, झालेला लहानसा अपघातही जो आपणहून सांगतो, त्याची गाडी सरासरीपेक्षा चांगल्या किमतीस जाऊ शकते. कारण अंदाजाची जागा माहितीने घेतलेली असते. गाडी सोपवताना तारीख आणि वेळ नमूद केलेली डिलिव्हरी नोट दोघांच्या सह्यांनिशी करावी. त्या क्षणापूर्वीचा दंड व अपघात कोणाचा आणि नंतरचा कोणाचा, हा वाद तिच्यामुळे मिटतो.

बंगळुरूच्या त्या कुटुंबाने सात प्रश्नांचा एक कागद पुढे केला असता, तर "तुम्ही विचारलेच कुठे?" असे म्हणण्यास विक्रेत्याला जागाच उरली नसती. त्याने खरे सांगितले असते, तर किंमत कमी झाली असती किंवा व्यवहार मोडला असता. खोटे सांगितले असते, तर ते खोटे कागदावर राहिले असते. तिन्ही परिस्थितींत कुटुंब आजच्यापेक्षा सुरक्षित असते. विचारण्यास काही खर्च येत नाही. न विचारल्याची किंमत मात्र पुढील अठ्ठेचाळीस हप्त्यांत मोजावी लागते.